मॉर्मन मिशनवरचे रोजचे दिवस : जाऊन आलेल्यांचे आणि त्यांना जवळून पाहिलेल्यांचे अनुभव

आम्ही युटामध्ये राहतो. शेजारचा मुलगा अठरा वर्षांचा झाला, आता तो दोन वर्षांसाठी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, निघालाय. पगार नाही, उलट इथल्या घरांनी दरमहा ५०० डॉलर भरायचे (२०२० च्या जुलैपर्यंत ४०० होते). कुठे जायचं ते चर्च ठरवतं. पांढरा शर्ट, टाय आणि नावाची काळी पट्टी आपण सगळ्यांनीच पाहिलीय, पण ही मुलं दिवसभर काय करतात, कशी राहतात, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. कुणी स्वतः गेलं असेल, घरातलं कुणी गेलं असेल किंवा दारात आलेल्यांशी ओळख झाली असेल, तर जरूर लिहा. शिकवण बरोबर की चूक हा वाद इथे नको.

*

मी जाऊन आलोय, म्हणून सविस्तर लिहितो. मूळ पुण्याचा, मिशन फिलिपिन्समध्ये, २०१६ ते २०१८. आधी मनिलाच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये काही आठवडे भाषा आणि शिकवायची पद्धत, मग थेट गावात. साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग आधी एकट्याने आणि नंतर जोडीदाराबरोबर वाचन. त्यानंतर बाहेर. रात्री साडेदहाला दिवा बंद.

लोक तोंडावर दार लावतात का, असं मला सगळे विचारतात. तिथे जवळपास कधीच नाही. आत बोलावतात, प्लास्टिकची खुर्ची पुढे करतात, पंखा तुमच्याकडे वळवतात. जड जातं ते पुढचं. माणूस आवडीने ऐकतो, रविवारी नक्की येतो म्हणतो आणि येत नाही. पुन्हा गेलं की आतून पोराला सांगताना ऐकू येतं, बाबा घरी नाहीत म्हण. अशा संध्याकाळी पावसातून परत चालत येताना दोघंही गप्प असायचो.

आणि जोडीदार चोवीस तास. त्याच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं, बाथरूम सोडलं तर एकटं असं नाहीच. जोडीदार आपण निवडायचा नसतो. साधारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते, तेव्हा बदलला तर बदलला. माझा एक जोडीदार फिलिपिन्समधल्याच मिंदानाओ बेटावरचा होता. खरकटी भांडी राहिली की तो बोलणंच टाकायचा. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून काय खटकतंय ते सांगायचं, अशी तिथली रीत आहे. सुरुवातीला मला ते सहनच व्हायचं नाही. आमच्या घरी राग आला की आई ताट वाढून आत निघून जाते, विषय तिथेच संपतो. पण त्या बसण्यामुळे आमचं जमलं, आणि आता लग्नानंतरही मी आणि बायको रविवारी तसे बसतो.

सोमवार म्हणजे पी-डे, आठवड्याच्या तयारीचा दिवस. बादलीत कपडे, बाजार, केस कापणं आणि कॅफेत बसून घरी ईमेल. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. माझी आजी गेली ते मला मिशन प्रेसिडेंटनी, म्हणजे त्या भागातल्या मिशनरींच्या प्रमुखांनी, सांगितलं. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करू देतात. हे फार आधी व्हायला हवं होतं. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर आईशी बोललं म्हणून त्याची श्रद्धा पातळ होत नाही.

*

प्रेस्टन, इंग्लंड. आमच्याकडे ही मुलं बरीच दिसतात, जवळच चोर्लीला त्यांचं मंदिर आणि ट्रेनिंग सेंटर आहे. त्यांचे अमेरिकेतून आलेले पहिले प्रचारक १८३७ साली प्रेस्टनलाच आले होते. इथले पहिले बाप्तिस्मे रिबल नदीत झाले, हे मला त्या मुलांकडूनच कळलं. दोघं भिजून दारात उभे होते. चहा टाकते म्हटलं तर संकोचले. त्यांना चहा-कॉफी वर्ज्य. मग आमसुलाचं सार गरम करून दिलं, ते दोन-दोन वाट्या प्यायले! आम्हाला धर्म बदलायचा नाही हे माझ्या नवऱ्याने तेव्हाच स्पष्ट सांगितलं. तरी पुढच्या आठवड्यात कुंपणाच्या फळ्या ठोकायला आले, आणि देव्हाऱ्यातल्या गणपतीबद्दल अगदी मनापासून विचारत बसले. परक्या गावात इतक्या लहान वयात रोज नकार ऐकायचा आणि तरी नम्र राहायचं, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

*

सॉल्ट लेक सिटीहून. मी इथे कॉलेजात शिकवतो. कोरोनामुळे २२ मार्च २०२० ला फिलिपिन्समधून शेकडो मिशनरी एकदम परत आले, तेव्हा विमानतळाच्या पार्किंगमध्ये घरच्यांची एवढी गर्दी उसळली की त्यावर सरकारी पातळीवरून टीका झाली. ते परतणं निदान सगळ्यांचं मिळून होतं. आजारपणामुळे किंवा मन खचल्यामुळे जो एकटाच लवकर परततो, त्याचं फार कठीण असतं. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. 'कधी आलास?' या साध्या प्रश्नाला तो घाबरायचा, कारण पुढचा प्रश्न 'इतक्यात का?' हाच असायचा. आपल्यापैकी जे इथे राहतात, त्यांनी कृपा करून अशा मुलांना तारखा विचारू नयेत.

*

मी सिस्टर (मिशनवरच्या मुलींना असं म्हणतात) म्हणून गेले होते, कॅनडात, अल्बर्टामध्ये. मुलींना दीड वर्ष असतं. २०१२ मध्ये मुलींचं मिशनवर जायचं किमान वय एकवीसवरून एकोणीस केलं, म्हणून मला कॉलेजमध्येच मधे जाता आलं. आईला माझ्या लग्नाची काळजी, बाबांना थंडीची. थंडीच्या बाबतीत बाबांचं बरोबर निघालं, उणे तीसमध्ये पापण्यांवर बर्फ धरतं.

मला खुपायचे ते आकडे. आठवड्याला किती धडे दिले, किती नवी माणसं भेटली, बाप्तिस्म्याच्या तारखा किती ठरल्या, सगळं कळवायचं. आमच्या भागात एक एकट्या राहणाऱ्या आजी होत्या. त्यांना आमच्या धर्मात काडीचा रस नव्हता, डोळे गेले होते, नातवाची पत्रं वाचून हवी असायची. दर शुक्रवारी आम्ही जायचो. या भेटी कुठल्याच रकान्यात बसत नव्हत्या, त्यामुळे तो वेळ दुसरीकडे द्या असं वरून सुचवलं गेलं. पुढच्या मुलाखतीत मी मिशन प्रेसिडेंटना सरळ सांगितलं की आम्ही इथे कशासाठी आलोय असं कुणी विचारलं, तर मी या शुक्रवारकडे बोट दाखवेन. त्यांनी शुक्रवार तसाच राहू दिला, आणि माझी बदली झाल्यावर पुढच्या दोघींनाही तो चालू ठेवायला सांगितला.