१९८६ ची पद्मिनी : ५.२०-१४ च्या जागी कोणते टायर? (नाशिक)

सोमेश्वर८६
नमस्कार मंडळी. बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी घरात आहे आणि ती चालतीच ठेवायची आहे. नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलंय, गाडी पेठ रोडला आरटीओत दाखवावी लागेल. टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण साइडवॉलला बारीक चिरा पडल्यात. साइझ ५.२०-१४, नायलॉन (जुन्या घडणीचे, तिरप्या धाग्यांचे). द्वारका चौकातला एक दुकानदार म्हणतो हा साइझ विसरा, वॅगनआरचे १५५/६५ आर १४ टाकतो. दुसरा म्हणतो अलॉय (मिश्रधातूचे रिम) घ्या, १८५ चे रुंद टायर बसवू. वापर म्हणजे रविवारी त्र्यंबक, कधीतरी वणी, क्वचित कसारा उतरून ठाण्याला. काय बसवू? आणि साइझ बदलला तर आरटीओत अडेल का?

पानाफिरकी
दादा, दोन्ही नकोत. का ते सांगतो.

जुन्या साइझमध्ये ५.२० ही टायरची रुंदी इंचात आणि १४ हा रिमचा व्यास. उंचीचा आकडा लिहिलेला नसतो, पण त्या काळच्या नायलॉन टायरची उंची रुंदीच्या जवळपास असते. म्हणजे अख्ख्या चाकाचा व्यास साधारण ६१ सेंटीमीटर. नवा टायर निवडताना हाच आकडा धरून चालायचं. नव्या साइझमध्ये १५५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १४ रिमचा व्यास इंचात. १५५/६५ आर १४ चा व्यास भरतो जेमतेम ५५.७. गाडी अडीच सेंटीमीटर खाली बसेल, आणि स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा तुम्ही खरे ५५ वर असाल. टॉप गिअरमध्येही इंजिन उगाच जास्त फिरणार. पद्मिनीच्या इंजिनाला घाटात हे सोसवत नाही.

१५५/८० आर १४ मिळाला तर तो सगळ्यात जवळचा, ६०.४. सहज मिळणारा म्हणजे १६५/८० आर १४, स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलला येतो तो. व्यास ६२, म्हणजे फरक दोनेक टक्क्यांचा. लोड इंडेक्स (भार पेलण्याचा आकडा) बहुतेक ८५ असतो, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. पद्मिनीला हे भरपूर झालं. पण पैसे देण्याआधी रिमवरची रुंदी वाचा आणि कंपनीच्या तक्त्यात त्या रुंदीला हा टायर चालतो का ते बघा. मग एकच टायर चढवून पुढे लावा, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, कुठे घासतोय का ते हात घालून तपासा. मागे चार माणसं बसवून तेच करा.

१८५ चं तर नावच काढू नका. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) गर्दीत गाडी काढताना खांदे भरून येतील आणि जुन्या सस्पेन्शनच्या सांध्यांवर ताण येईल तो वेगळाच.

गोदाकाठ
मी नायलॉनच्याच बाजूचा. गाडी त्याच टायरवर बेतलेली आहे, मंद वेगात स्टेअरिंग हलकं राहतं आणि दिसायलाही तीच शोभते. फक्त गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल गळ्यात मारून घेऊ नका. साइडवॉलवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा, दुकानदार कितीही कोरा म्हणाला तरी. तुमच्या चिरा वयाच्याच आहेत. नक्षी राहिली म्हणून त्या टायरवर कसारा उतरू नका.

पानाफिरकी
गोदाकाठ, ताजा माल मिळत असेल तर माझंही ना नाही. पण पावसाळ्यात ओल्या घाटात ब्रेक मारायची वेळ आली की रेडियलची पकड चांगली, आणि या गाडीला चारी ड्रम ब्रेक आहेत हे विसरून चालत नाही. मात्र दोन्हींची भेळ करू नका. एका अ‍ॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल तर अजिबात नाही. पाचही एकदम बदला, स्टेपनीसकट. स्टेपनी नसली तरी चालते ही २०२० ची सवलत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना आहे, आपल्याला नाही.

आरटीओ_कॉर्नर
कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. टायरवर आयएसआय मार्क बघून घ्या. परदेशातून क्लासिक टायर मागवायचा विचार असेल तर जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत. राहिला साइझ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे. रुंद अलॉयवर बोट ठेवलं जाऊ शकतं. मूळ रिम ठेवून जवळपास त्याच व्यासाचा, पुरेसा भार पेलणारा टायर असेल तर तुमची बाजू भक्कम. तरी टायर घेण्याआधी इन्स्पेक्टरला साइझ सांगून विचारा, नंतर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

कॉलेजरोडकर
यापेक्षा व्हिंटेज नोंदणी करून टाकली तर?

आरटीओ_कॉर्नर
ताई, जुलै २०२१ च्या नियमांत ती पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाड्यांसाठी आहे. ८६ च्या गाडीला अजून वेळ आहे. शिवाय ती घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. त्र्यंबकचा रविवार बंद.

सोमेश्वर८६
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांशी बोललो, १६५/८० ठरतोय, मूळ रिमवरच. आता रिम घासून रंगवायला देतो. एकच शंका : हे टायर ट्यूबलेस येतात, मग ट्यूब टाकायची की नाही?

पानाफिरकी
टाकायचीच. ट्यूबलेस रिमच्या कडेला आतून टायर धरून ठेवणारा उंचवटा असतो, जुन्या रिमला तो नसतो; हवा कमी झाली की वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. ट्यूब रेडियलचीच मागा आणि नवी घ्या. टायरच्या आतली कागदी लेबलं काढायला सांगा, नाहीतर ती घासून ट्यूब पंक्चर होते. रिमला रंग देण्याआधी आतला गंज पूर्ण काढून घ्या. टायर चढल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करा, आणि पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळा.