कांचनभट, तळीराम, मंजुळा: पात्राच्या नावात अर्थ लेखक भरतो की आपण?

चर्चगेट_स्लो

परवा दादरला शिवाजी मंदिरात मध्यंतरात वड्याच्या रांगेत मित्राशी वाद झाला. अर्धवट राहिला म्हणून इथे आणतोय. मित्राचं म्हणणं, पात्राचं नाव म्हणजे लिहिताना सुचलं ते. त्यात अर्थ शोधणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग.

मला हे अजिबात पटत नाही. देवलांचं 'संगीत शारदा' घ्या, १८९९ सालचं. पैशासाठी पोरगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप कोण? कांचनभट. कांचन म्हणजे सोनं. बोहल्यावर चढायला टपलेला थेरडा? भुजंगनाथ. आणि तरुण नायक कोदंड, म्हणजे थेट रामाच्या धनुष्याचं नाव. प्रेक्षकाने खुर्चीत बसल्या बसल्या कोण कुणाच्या बाजूचा ते ओळखावं, अशी सोय करून ठेवली आहे.

आता गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. सुधा म्हणजे अमृत, सुधाकर म्हणजे चंद्र. नावात अमृत असलेला माणूस दारूच्या प्याल्यात बुडतो. बायकोचं नाव सिंधू, म्हणजे समुद्र. चंद्रापायी भरती-ओहोटी सोसायची ती समुद्रानेच. कोट्या करण्यात ज्या माणसाचा हात कोणी धरू शकला नाही, त्याला हे दिसलं नसेल?

लालबाग_तिसरा_मजला

भुजंगनाथापर्यंत मान्य. समुद्राला भरती आणलीत तिथे मी उतरलो.

आमच्या चाळीत तीन सुधाकर होते. एक बेस्टमध्ये कंडक्टर, एक माळकरी, तिसरा चहासुद्धा अर्धा घ्यायचा. नाव चांगलं वाटलं, ठेवलं. लेखकही माणूसच की! शिवाय गडकरी गेले जानेवारी १९१९ मध्ये आणि नाटक रंगमंचावर आलं ते त्यानंतर. म्हणजे विचारायचीही सोय राहिली नाही. मग आपण खुशाल भरती-ओहोटी काढत बसायचं.

तळीरामाचं बघा. आज पेपरात 'थर्टीफर्स्टला तळीरामांवर कारवाई' असा मथळा येतो. हा शब्द आला कुठून? त्या नाटकातल्या पात्रावरून. मुळात त्या नावाचा दारूशी काय संबंध? पात्र गाजलं म्हणून नावाला अर्थ चिकटला. अर्थ आधी आणि पात्र मागून, असं झालेलं नाही.

आणि आपण मूळ शोधायला लागलो की काय होतं तेही सांगतो. माझी आजी ठामपणे सांगायची की १९२९ च्या बालविवाहबंदीला 'शारदा कायदा' म्हणतात ते देवलांच्या शारदेवरून. छान वाटतं ना? प्रत्यक्षात तो अजमेरच्या हरविलास सारडांच्या नावाने ओळखला जातो. सारडाचं शारदा आपल्या तोंडात झालं, नाटक आधीच डोक्यात बसलेलं होतं म्हणून.

माहीमची_मैना

लालबागवाले, आजीचा किस्सा झकास, पण त्याने तुमचीच बाजू लंगडी होते. एका कायद्याचं नाव लोकांनी तीस वर्षांपूर्वीच्या नायिकेला जोडून टाकलं, म्हणजे ते नाव किती खोल रुतलं असेल!

मी 'ती फुलराणी'बद्दल बोलते. मूळ बर्नार्ड शॉचं इंग्रजी नाटक 'पिग्मॅलियन', १९१३ चं. ते नावसुद्धा उसनंच. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार स्वतःच घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडतो. गंमत म्हणजे तिथे पुतळ्याला नावच नाही, गॅलटिआ हे नाव तिला फार नंतर मिळालं. शॉने आपल्या फुलवालीला आडनाव दिलं डूलिटल, म्हणजे 'थोडंच करणारे'. तिचा बाप पाहिला की आडनाव पटतं.

१९७५ मध्ये पुलंनी ते मराठीत आणताना नुसती नावं बदलली नाहीत. शीर्षक बालकवींच्या कवितेतून घेतलं. आणि जिच्या बोलण्याला प्राध्यापक नाकं मुरडतो त्या पोरीचं नाव ठेवलं मंजुळा! मंजुळ आवाजाची. आडनाव साळुंखे. साळुंकी म्हणजे मैना, पढवलं तसं बोलणारी. बापाचं नाव दगडोबा. एवढं सगळं सहज सुचलं म्हणता?

लालबाग_तिसरा_मजला

मंजुळा दिली. मंजुळेवर माझा काही दावा नाही. पण साळुंखे आडनाव चालुक्यांवरून आल्याचं सांगतात. आमच्या गावचे साळुंखे ऐकतील तर मैना म्हटल्याबद्दल तुम्हाला वेशीवरून परत पाठवतील.

माहीमची_मैना

पाठवू देत. आडनाव कुठून आलं हा एक प्रश्न आणि ते कानावर कसं पडतं हा दुसरा. नाटक कानाने बघतात.

कोकणकडा

सगळे संस्कृत कोश उघडून बसलेत. मराठीत खरी माहिती देतं ते आडनाव. गाव, जात, घरातला स्वयंपाक, सगळं त्यात येतं. 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर घ्या. सांगवी हे नेमाड्यांचं स्वतःचं गाव. कोश उघडून तिथे काय मिळणार? आणि 'सखाराम बाइंडर' मध्ये तर गावही नाही, जातही नाही, नुसता धंदा. पुस्तकं बांधतो म्हणून बाइंडर. त्या एका शब्दाने तेंडुलकरांनी माणूस घरादारापासून तोडून आणला. हा अर्थ कांचनभटासारखा पाटी लावून येत नाही, म्हणून मला जास्त आवडतो.

श्याम घ्या. साने गुरुजींचं खरं नाव पांडुरंग, आईचं नाव यशोदा. यशोदेच्या मुलाने गोष्ट सांगताना स्वतःला दुसरं कोणतं नाव दिलं असतं?

डोंबिवली_फास्ट_चुकली

आणि दगडू? 'टाईमपास' मधला दगडू परब आणि त्याची प्राजक्ता. दगड आणि फूल. पिक्चरचं पोस्टर नावातच तयार.

(दगडू, धोंडू, केरू ही नावं मूल जगावं म्हणून ठेवायचे. आधीची गेलेली असायची. मृत्यूला वाटावं, हे काय उचलायचं. माझ्या पणजोबांचं नाव धोंडू. आधीची दोन गेली होती.)

विंगेतला

मी एकांकिका लिहितो. स्पर्धेत दोनदा प्राथमिक फेरीत पडलोय, तेव्हा अधिकार बेताचाच. पण नावं कशी ठेवतो ते सांगतो. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली थकबाकीदारांची यादी लागते. दर महिन्याला नवी. मी तिथून आडनावं उचलतो. गेल्या खेपेचा खलनायक आमच्या वरच्या मजल्यावर राहतो, तो नाटक बघायला आला आणि टाळ्या वाजवून गेला. यात अर्थबिर्थ काही नाही.

पहिलं नाव मात्र हाक मारून ठरतं. सध्याच्या संहितेत बेस्टमधून रिटायर झालेला ड्रायव्हर मुलीकडे राहायला येतो. मुलीचं नाव मी ठेवलं होतं ऋजुता. तालमीत बापाने विंगेतून हाक मारली, 'ऋजुताऽऽ'. शेवटच्या रांगेत बसलेल्या दिग्दर्शकाला 'उजवा' ऐकू आलं. प्रकाशवाल्या पोराने खरंच उजवा स्पॉट लावला. मग आठ-दहा नावं ओरडून पाहिली. वृंदा फुटतं. अस्मिता लांबतं, दम संपतो. शेवटी दोन अक्षरी, 'ऊ' वर संपणारं घेतलं. आवाज सरळ मागच्या भिंतीला जाऊन लागतो. मुलगी आता नलू. सांगा यात साहित्यिक मूळ कुठे आहे?

लालबाग_तिसरा_मजला

जियो! हेच मी कधीपासून ओरडतोय.

माहीमची_मैना

थांबा, थांबा. विंगेतलेसाहेब, रिटायर झालेला बाप मुलीकडे राहायला येतो, आणि मुलीचं नाव नलू?

'नटसम्राट', १९७०. अप्पासाहेब बेलवलकर मुलीकडे राहायला जातात. पैसे सापडत नाहीत तेव्हा बापावर आळ येतो. त्या मुलीचं नाव काय?

चर्चगेट_स्लो

आई शप्पथ.

विंगेतला

खरं सांगतो, लक्षातच नव्हतं. आता हे वाचून संहिता काढली. माझ्या तिसऱ्या प्रवेशात कपाटातले दोन हजार सापडत नाहीत आणि नलू बापाकडे बघते. नुसती बघते, बोलत काही नाही.

कोकणकडा

आठ-दहा नावं ओरडून पाहिलीत म्हणता. ती आठ-दहा सुचली कुठून?

लालबाग_तिसरा_मजला

योगायोग. 'ऊ' वर संपणारी नावं मराठीत आहेत किती? शालू, मालू, नलू, बेबीताईंची पिंकू.

माहीमची_मैना

शालू का नाही घेतलं मग?

विंगेतला

शालू ओरडलो होतो. चांगलं फेकलं जात होतं. पण बाप झालेला नट म्हणाला, ही माझी मुलगी वाटत नाही. नलू म्हटल्यावर लगेच तयार झाला. त्याने 'नटसम्राट' चारदा पाहिलंय, हे मला आत्ता फोन केल्यावर कळलं.

नाव बदलत नाही. फलक रंगवून झालाय, आणि रंगाऱ्याचे पैसे अजून द्यायचेत.