मदत हवी आहे: अँटीबॉडी बदलली आणि लेंटीव्हायरस पेशींत शिरेनासा झाला

मंडळी, पीएचडीचं तिसरं वर्ष, आणि तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे.

आमच्या लेंटीव्हायरल व्हेक्टरवर (पेशीत जीन पोचवायला बदललेला विषाणू) सिंडबिस विषाणूचं बदललेलं आवरण आहे. त्यातल्या ई2 प्रथिनात प्रोटीन ए-चा (अँटीबॉडी पकडणारं जिवाणूचं प्रथिन) झेडझेड तुकडा बसवलाय आणि पेशींवरच्या हेपरान सल्फेटला चिकटायची मूळ खोड म्युटेशनने मोडलीय. झेडझेड अँटीबॉडीची एफसी बाजू (तिची शेपटी) धरतो, मग अँटीबॉडी नेईल त्या पेशीत व्हेक्टर शिरतो. 2005 मध्ये 'नेचर मेडिसिन'मधल्या पेपरात असंच करून उंदरांच्या फुप्फुसातल्या मेलॅनोमापर्यंत जीन पोचवलं होतं, तिथूनच उचललंय.

ट्रॅस्टुझुमॅब (हर2 प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी) लावलं की हर2 भरपूर असलेल्या एसकेबीआर3 पेशी जीएफपीने (चमकणारं प्रथिन) मस्त हिरव्या होतात. हर2 अगदी कमी असलेल्या एमडीए-एमबी-231 पेशींमध्ये जवळपास अंधार. इथवर खूश होते.

मग एमसीएफ-7 पेशींसाठी त्यांच्यावरच्या एपकॅम प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी घेतली, उंदराची मोनोक्लोनल, आयजीजी1 प्रकारची. व्हेक्टरची बॅच तीच, 10% एफबीएसचं (गायीच्या गर्भाचं सीरम) मीडियम तेच. 72 तासांनी ही वेल (प्लेटमधला खळगा) आणि बिनअँटीबॉडीची वेल शेजारी ठेवल्या तर कुठली कोणती, सांगता येईना. फ्लो सायटोमेट्रीत हीच अँटीबॉडी एमसीएफ-7 ला झक्कास चिकटते, म्हणजे व्हायल खराब नाही. प्रमाण दहापट करून पाहिलं, ढिम्म. सर म्हणतात, व्हेक्टर एंडोसोममध्ये (पेशीच्या आतल्या पिशवीत) अडकतोय. मला पटत नाही, पण खोडून कसं काढू?

प्रतिसाद १

'उंदराची आयजीजी1' वाचलं आणि तिथेच थांबलो. प्रोटीन ए तिला फार कच्चं धरतं. मानवी आयजीजी1 घट्ट धरतं, म्हणून ट्रॅस्टुझुमॅब चाललं. अँटीबॉडी शुद्ध करायच्या प्रोटीन ए कॉलमवर लोक पीएच 8.9 आणि 3 मोलर मीठ वापरून वेळ मारून नेतात, तुमच्या पेशींचं मात्र त्यात लोणचं होईल. शिवाय एफबीएसमधली गायीची आयजीजी झेडझेडची जागा अडवते ती वेगळीच.

सरांसाठी: 4 अंशांवर व्हेक्टर आणि अँटीबॉडी पेशींवर ठेवा, धुवा, चिकटलेलं पी24 (व्हेक्टरच्या गाभ्यातलं प्रथिन) एलायझाने मोजा. त्या तापमानाला आत काही जात नाही. पी24 बिनअँटीबॉडीच्या वेलइतकंच आलं, तर एंडोसोमचा प्रश्नच उरत नाही. ट्रॅस्टुझुमॅब आणि एसकेबीआर3 ची वेल सोबत ठेवा. पुढे आयजीजी2ए क्लोन शोधा, किंवा मानवी एफसी जोडलेली कायमेरिक घ्या.

धागाकर्ती

आयसोटाइप (अँटीबॉडीचा उपप्रकार) बघितलाच नव्हता हो, स्वस्त पडली म्हणून घेतली. पी24 चं किट फ्रीजमध्ये आहे, सोमवारी लावते. सीरम काढून एक वेल ट्रॅस्टुझुमॅबचीही ठेवू का?