मदत हवी आहे: कोळशाच्या स्मोकरची कोठी फुगली, झाकण उचललं, आता दुसरी मजबूत बांधायची आहे

मंडळी,

घरी बनवलेला ग्रॅव्हिटी-फेड स्मोकर (धुरावर मंद आचेने मांस शिजवायची भट्टी) दुसऱ्यांदा बांधायला घेतोय. पहिल्याने दोन वर्षं साथ दिली आणि मग पोट फुगवून बसला. पत्रा कापायच्या आधी विचारतोय, कारण एकदा कापला की कोणाचं ऐकायला मन तयार होत नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: एक उभा चौकोनी नळा असतो, मी त्याला कोठी म्हणतो. वरून कोळसा भरायचा आणि झाकण लावायचं. तळाशी जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा, त्या कप्प्याला हवेचं एकच भोक. जाळीच्या लगेच वर कोठीच्या भिंतीत एक खिडकी, ती शेजारच्या कपाटात उघडते. मांस त्या कपाटात. कपाटाच्या धुराड्याची ओढ हवा खालून खेचते, ती निखाऱ्यांतून जाते आणि खिडकीवाटे कपाटात शिरते. वरचा कोळसा नुसता रांगेत उभा. खालचा जळून राख झाला की वरचा आपल्या वजनाने खाली सरकतो. रात्री भरून झोपलं तर सकाळी कपाट ११० अंशांवरच असायला हवं.

माझी कोठी १६ गेजच्या, म्हणजे १.६ मिमी पत्र्याची होती. आतून २० बाय २० सेमी, उंची ७० सेमी, साधारण सहा किलो कोळसा बसायचा. कपाटाला चारही कडांनी पूर्ण वेल्ड. जाळी १० मिमी सळ्यांची, तीही भिंतीला वेल्ड केलेली. खिडकी चांगली २० सेमी उंच. झाकण त्याच पत्र्याचं, एका बाजूला बिजागरी, खाली लाल सिलिकॉनचा थर.

आधी सळ्या मध्यभागी झोळीसारख्या लोंबल्या. मग जाळीजवळची भिंत बाहेर फुगली आणि कोपऱ्याच्या वेल्डला वीतभर चीर गेली. आतून पत्र्याचे काळे पापुद्रे सुटायला लागले, बोट लावलं की हातात यायचे. झाकणाचा एक कोपरा नखभर वर उचलला. हे सगळं मला दिसत होतं आणि मी 'पुढच्या वेळी बघू' म्हणत होतो.

शेवटी एकदा पहाटे अडीचला तापमापकाचा गजर वाजला. कपाट १८० वर. बाहेर जाऊन बघतो तर कोठी वरपर्यंत अंधारात लालसर दिसतेय आणि झाकणाचा रंग जळतोय. हवेचं भोक बंद केलं, काही फरक नाही. शेवटी बादलीत माती कालवली आणि थापीने झाकणाच्या कडेने लिंपली. वीस मिनिटांत आग उतरली. आतलं मांस अर्थात गेलं कामातून.

प्रश्न:
सगळी कोठी ६ मिमी प्लेटची केली तर प्रश्न मिटेल का? की स्टेनलेस घ्यावं? आणि छोटा पंखा व कंट्रोलर लावून तापमान धरता येईल का? कपाटासाठी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे तुकडे पडून आहेत, ते चालतील का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात गंमत नाही. गॅल्व्हनाइज्ड नको. त्याच्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि वेल्डिंग करताना त्याची वाफ होते. ती नाकात गेली की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. त्याला मेटल फ्यूम फीव्हर म्हणतात. ते तुकडे दुसऱ्या कशाला तरी वापरा.

प्रतिसाद २

तुमच्याच लिखाणात उत्तर आहे. मातीने आग उतरली ना? मग आग झाकणामुळे चढली होती.

कोठी म्हणजे वर बूच मारलेलं धुराडं. बूच घट्ट आहे तोवर हवेला खिडकीतूनच बाहेर पडावं लागतं, त्यामुळे आग जाळी आणि खिडकी यांच्यामध्येच राहते. झाकणाला फट पडली की गरम हवा सरळ वर निघते, तिच्यामागे आग चढते, आणि रांगेत उभा असलेला सगळा कोळसा एकदम पेटतो. खालचं भोक बंद करून उपयोग का झाला नाही? कारण कोपऱ्यातल्या चिरेतून हवा येतच होती. ६ मिमी प्लेट लावून हीच फट ठेवलीत तर हाच प्रकार जाड भिंतीच्या आत होईल.

दुसरं, २० सेमीची खिडकी फार उंच आहे. निखाऱ्यांचा थर किती जाड होणार हे खिडकीची वरची कड ठरवते. ८ सेमी उंच, १५ सेमी रुंद ठेवा. तुमचं धुराडं ७५ मिमीचं असेल तर त्याचं क्षेत्र ४४ चौ. सेमी होतं आणि या खिडकीचं १२० चौ. सेमी, म्हणजे गळा आवळला जाणार नाही.

प्रतिसाद ३

फॅब्रिकेशनचं काम करतो, म्हणून पत्र्याबद्दल लिहितो.

तुमचा पत्रा पातळ होता हे खरं, पण तो फुगला कारण त्याला वाढायला जागाच नव्हती. साधं पोलाद १ मीटर लांब असेल आणि ५०० अंशांनी तापलं तर ६ मिमी वाढतं. चारही कडा वेल्डने बांधून टाकल्या तर ती वाढ जाणार कुठे? पोट काढते, नाहीतर वेल्ड फाडते. तुमच्याकडे दोन्ही झालं. ३०४ स्टेनलेस तर याहून जास्त वाढतं, तेवढ्याच उष्णतेला साडेआठ मिमी, आणि उष्णता नीट पसरू देत नाही, म्हणून एका जागी तापून आणखी वेडंवाकडं होतं. त्याला पापुद्रे मात्र सुटत नाहीत. मी कोठीला स्टेनलेस वापरणार नाही.

भिंत जाड करण्यापेक्षा ती तापूच देऊ नका. खालच्या ३० सेमीला आतून अग्निविटांचं अस्तर द्या. पूर्ण वीट ७५ मिमी जाड असते, ती लावली तर कोठीत हातही जाणार नाही. ३० मिमीच्या आसपासच्या पातळ विटा मिळतात, त्या उभ्या लावा. यासाठी बाहेरचा खोका खालच्या भागात मोठा घ्यावा लागेल, साधारण २८ सेमी. विटा आणि पत्रा यांच्यात सिरॅमिक फायबरचा पातळ थर द्या. तो कापताना मास्क लावा, त्याचे तंतू घशात जातात, आणि तो कुठे उघडा राहू देऊ नका. असं केलंत तर बाहेरचा पत्रा ३ मिमीचा पुरतो. ६ मिमीची तुमची कोठी नुसती २६ किलोची झाली असती.

विटा मात्र वरच्या पत्र्यापेक्षा दोन-तीन मिमी मागे राहतील अशा बसवा. पायरी आतल्या बाजूला निघाली तर कोळसा तिच्यावर टेकतो आणि खाली येत नाही.

जाळी वेल्ड करू नका. २५ मिमी अँगलचे (एल आकाराच्या लोखंडी पट्टीचे) तुकडे, कणा वर करून उलट्या 'व्ही'सारखे, दोन आधारांवर नुसते ठेवायचे. मध्ये १० ते १२ मिमी फट, दोन्ही टोकांना ५ मिमी मोकळं. जळाले की राखेच्या दारातून काढून दुसरे सरकवायचे. जाळी ही खपणारी वस्तू आहे असं धरूनच चाला.

प्रतिसाद २

विटांना +१. झाकणासाठी माझा जुना उपाय: कोठीच्या तोंडाभोवती २५ मिमी रुंद, ३० मिमी खोल पाट करा, त्यात कोरडी बारीक वाळू भरा, आणि झाकणाला खाली पट्टी लावून ती वाळूत रुतवा. बिजागरी नको. झाकण कितीही वाकलं तरी वाळू फट धरते. सिलिकॉन कपाटाच्या दाराला ठीक, कोठीला नाही.

प्रतिसाद ४

वाळू ऐकायला छान वाटते. मी दोन महिने वापरली. प्रत्येक वेळी झाकण काढताना चिमूटभर कोळशात, चिमूटभर बुटात. काचतंतूची दोरी आणि दोन दाबाच्या कड्या लावा, सुखी व्हाल.

प्रतिसाद २

बुटात वाळू गेलेली परवडली, पहाटे अडीचला माती लिंपण्यापेक्षा!

प्रतिसाद ५

पंख्याबद्दल. पंखा लावलात की राखेच्या कप्प्यात दाब तयार होतो. गळती असेल तर नुसत्या ओढीवर हवा आत यायची, आता धूर बाहेर ढकलला जाईल, तोही झाकणातूनच. म्हणून आधी नुसत्या ओढीवर, हवेच्या भोकाला बॉल व्हॉल्व्ह लावून स्थिर करा. मग पंखा. तापमापकाचा कांटा दारात ठेवू नका, कपाटातल्या मांसाच्या जाळीच्या पातळीवर, मांसाच्या शेजारी ठेवा. दारावरची तबकडी काय वाट्टेल ते सांगते.

गळती शोधायला रात्री आत पेटता टॉर्च ठेवून बाहेरून बघा. जिथे उजेड दिसेल तिथे हवा जाते.

आणि चालू असताना कोळसा घालायचा असेल तर आधी हवा बंद, खिडकीला सरकती झडप असेल तर तीही बंद. मग झाकण अंगठ्याएवढंच उघडून थांबायचं, तोंड बाजूला. एकदम उघडलंत तर ज्वाळा उसळते. माझ्या भुवया यायला दोन महिने लागले. स्मोकर नेहमी उघड्यावरच, शेडमध्येसुद्धा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. राख दुसऱ्या दिवशीही आतून धगधगती असू शकते, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यातच टाका.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. बांधून झाला म्हणून कळवतोय.

३ मिमी पत्रा, खाली पातळ अग्निविटा, अँगलची मोकळी जाळी, ८ सेमीची खिडकी आणि तिला सरकती झडप. कोठी कपाटाला आता वेल्ड नाही, मधल्या दोरीवर टेकून चार बोल्टने धरली आहे, बोल्टची भोकं लांबट केली. झाकणाला वाळूचा पाट केला (प्रतिसाद ४, माफ करा, बूट बदलेन). टॉर्च ठेवल्यावर राखेच्या दाराच्या खालच्या कडेला केसाएवढी उजेडाची रेघ दिसली, मला स्वप्नातही तिथे शंका आली नसती. दोरी लावली, गेली.

काल पंखा न लावता नऊ तास चालवला. एक वेळ सोडली तर कपाट १०५ ते ११५ मध्ये. झाकणावर हात ठेवता येत होता, हे बघायला मुद्दाम दोनदा गेलो.

एक अडचण उरली आहे. सहाव्या तासाला तापमान ९० पर्यंत घसरलं. कोठीला लाकडी दांड्याने ठोकलं, आत धडधड कोळसा पडला आणि परत चढलं. लाकडी कोळशाचे तुकडे मोठे होते, काही मुठीपेक्षा मोठे. हे तुकड्यांमुळे की कोठीमुळे?

प्रतिसाद ३

दोन्ही. कोठीच्या रुंदीच्या पाव भागापेक्षा मोठा तुकडा घालू नका, म्हणजे तुमच्या २० सेमीला ५ सेमी. मोठे फोडून घ्या. आणि आत हात घालून कोपऱ्यांवर बोट फिरवा, वेल्डचा बीड, म्हणजे जोडाचा उंचवटा, आत उभा असणार. ग्राइंडरने सपाट करा.

धागाकर्ता

आहे. उजव्या मागच्या कोपऱ्यात, चांगला वाटाण्याएवढा. उद्या घासतो.