टायर बदलताना तुम्ही काय बघता? अनुभव लिहा

आज गाडी धुताना स्टेपनी बाहेर काढली. कडेला लंबगोलात चार आकडे: 3114. म्हणजे 2014 चा 31वा आठवडा. नक्षी कोरी करकरीत, रस्त्याला कधी लागलाच नाही तो टायर. पण खोबणीच्या तळाशी केसासारख्या भेगा. आणि एकदम बाबांची जुनी गाडी डोळ्यांसमोर आली. त्यांच्याही टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून बदलायचं पुढे पुढे ढकललं. भर उन्हात, वेगात असताना मागचा फाटला. गाडी दोनदा हेलकावली. बाबांनी ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून वेग आपोआप उतरू दिला, म्हणून आम्ही वाचलो. मी मागच्या सीटवर होते. तेव्हापासून टायर घेताना कंपनीच्या आधी तारीख बघते. तुमचं सांगा, मनापासून.

---

अंगावर काटा आला वाचून. बाबा कसे आहेत आता?

---

माझा अनुभव पावसाचा. पैसे दोनच टायरचे होते. पुढचे जास्त झिजलेले, म्हणून नवे पुढे घातले. पहिल्याच मोठ्या पावसात वळणावर मागची बाजू सटकली आणि गाडी गरकन फिरून उलट्या तोंडाने उभी. समोरून कोणी येत नव्हतं, देवाची कृपा. दोनच घेणार असाल तर नवे मागे घाला. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरते. मागची सुटली की आपल्या हातात फारसं काही राहत नाही.

---

पण फ्रंट व्हील ड्राइव्हला, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या चाकांना असतो त्या गाडीला, पुढेच घालायचे ना? आमचा मेकॅनिक तेच सांगतो.

---

नाही हो दादा, ड्राइव्ह कुठलाही असो, नवे मागेच. मलाही पटायला वेळ लागला होता.

---

भाजी चिरता चिरता लिहितेय, चुका समजून घ्या. 185/65 आर15 मापाच्या टायरच्या जागी हौसेने 205/65 घातले. गाडी दिसायला झकास! पण स्टिअरिंग जड, पेट्रोल जास्त, आणि पूर्ण वळवलं की आतून घासल्याचा आवाज. पहिला आकडा मिमीत रुंदी आणि 65 म्हणजे त्या रुंदीच्या 65 टक्के उंची, हे नंतर समजलं. रुंदी वाढवली की उंचीही वाढते. चाक चारेक टक्के मोठं झालं आणि काटा तेवढा वेग कमी दाखवायला लागला. सहा महिन्यांत मूळ मापावर परत.

---

झकास दिसते हे मात्र खरं. माझा मुलगा त्याच मापासाठी हटून बसलाय, त्याला हे वाचायला देते.

---

हवा! टायरच्या कडेला लिहिलेला आकडा बघून मी दोन वर्षं हवा भरत होतो. तो त्या टायरला झेपणारा जास्तीत जास्त दाब असतो. आपल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. चारही टायर मधूनच झिजले, कडा नव्यासारख्या. खोबणीतले 1.6 मिमीचे उंचवटे मधे नक्षीला टेकलेले, म्हणजे टायर संपला. फार वाईट वाटलं.

---

अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत ना ते तपासणं, विसरू नका कुणी. माझ्या टायरची आतली कड त्यामुळेच झिजली. ती उभ्याने दिसत नाही. हाताने चाचपताना बोटाला तार टोचली तेव्हा कळलं.

---

बाळ उठायच्या आत विचारून घेते: खड्ड्यात आदळल्यावर टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आलाय. पंक्चरवाला करून देईल का?

---

नाही ताई, आतले धागे तुटलेत. तो दुरुस्त होत नाही, कधीही फुटेल. आजच स्टेपनी लावा, आणि तिचीही तारीख बघा.

---

बाबा मजेत आहेत, विचारल्याबद्दल आभार. 74 वय, तरी सकाळी गाडी निघायच्या आत, टायर थंड असतानाच हवा मोजतात.

---

हे वाचून आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आले. गाडी जुनी घेतलेली. तीन टायर 2221. मागच्या डाव्याचे आकडे आतल्या बाजूला होते, आडवं पडून वाचले: 0816. उद्या सुट्टी टाकतेय.