मदत हवी आहे : मनात शंका असूनही पंथात राहिलेल्यांनी सांगावं

दंडवत प्रणाम. आमचं घर तीन पिढ्यांपासून महानुभाव पंथाचं. पंचकृष्ण, म्हणजे आम्ही मानतो ते परमेश्वराचे पाच अवतार, यांच्याखेरीज कुणाचं पूजन नाही, इतर देवतांचा प्रसाद तोंडात घालायचा नाही. लहानपणी शेजारच्या गणपतीचा मोदक मी मुठीत दाबून घरी आणायचो आणि आई तो गाईला घालायची. आज ४३व्या वर्षी ऑफिसातही तेच करतो, फक्त मोदक रुमालात बांधून वॉचमनला देतो. पण मोक्ष फक्त आपल्याच वाटेने मिळतो, हे आता मनाला पटत नाही.

तरी सोडवत नाही. बाबा पहाटे चारला उठून नामस्मरणाला बसतात, तो पुटपुटता आवाज ऐकतच मी वाढलो. रिद्धपूरला, आमच्या पंथाच्या तीर्थाला, गेलो की अनोळखी माणूसही वाकून दंडवत घालतो. आमची सगळी सोयरीकही पंथातलीच. पंथ सोडला तर यातलं माझं काय उरेल? भीतीपेक्षा ही माया जास्त धरून ठेवते, असं मला वाटतं.

आता मुलीच्या उपदेशाचं, म्हणजे तिने पंथात रीतसर प्रवेश घेण्याचं, घरात निघालंय. ती विचारते, "बाबा, तुम्हाला खरंच पटतं?" मी गप्प बसतो.

कुठल्याही पंथातले असा, तुम्ही मुलांना काय सांगितलंत? आणि म्हाताऱ्या आईवडिलांपाशी हे बोललात का?