‘समतोल’, ‘संतुलित’ आणि ‘तोंडमिळवणी’

प्रश्न : राष्ट्रीय अंदाजपत्रक समतोल ठेवण्याची सक्ती संविधानातच असावी का, या अमेरिकेतील वादावर लातूरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मी टिपण लिहीत आहे. ‘समतोल’ म्हणावे, ‘संतुलित’ म्हणावे, की सरळ ‘तोंडमिळवणीचे अंदाजपत्रक’?

उत्तर : पहिल्या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘तुल्’ हा एकच धातू आहे. ‘शिलकी’ आणि ‘तुटीचे’ यांच्या पंगतीत ‘समतोल’ शोभतो, एवढे कारण मला निवडीसाठी पुरते.

‘तोंडमिळवणी’ मात्र टाळावी. महिन्याची तोंडमिळवणी उसनवारीनेही होते, आणि संविधानदुरुस्तीच्या पुरस्कर्त्यांना नेमकी ती उसनवारीच बंद करायची आहे. आमच्या घरी मोंढ्यात आडत होती. दिवाबत्तीच्या वेळी वडील कीर्द मिळवायला बसत, तेव्हा जमा आणि नावे या दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळत. पण सोयाबीनच्या हंगामात बँकेतून उचललेली रक्कमही जमेलाच पडलेली असे. कीर्द जुळली म्हणजे दुकान नफ्यात आहे, असे वडील कधी समजले नाहीत. केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकातही कर्ज भांडवली जमेत धरले जात असल्यामुळे एकूण जमा आणि एकूण खर्च यांचे आकडे जुळलेलेच दिसतात, आणि राजकोषीय तूट (कर्ज सोडून उरलेल्या जमेपेक्षा जास्तीचा खर्च) वेगळी सांगावी लागते.

म्हणूनच संविधानदुरुस्तीच्या १९९५ च्या अमेरिकी मसुद्यात ‘समतोल’ या शब्दावर भिस्त ठेवलेली नव्हती. खर्च जमेपेक्षा अधिक नसावा, जमेत कर्ज धरू नये आणि या नियमाला अपवाद करायचा तर दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मते हवीत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. प्रतिनिधिगृहात तो ३०० विरुद्ध १३२ मतांनी संमत झाला, पण सिनेटमध्ये दुरुस्तीला लागणारी दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. १९९७ मध्ये तर ६६ विरुद्ध ३४, म्हणजे एका मताने घोडे अडले. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की, मंदीत करवसुली घटते आणि बेकारभत्त्याचा खर्च वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी सरकारला हात आखडता घ्यावा लागेल. आपल्याकडच्या दुष्काळात टँकर आणि चारा छावण्यांवर खर्च वाढतो तेव्हा काय होईल, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

जर्मनीने २००९ मध्ये संविधानात जी तरतूद केली, तिला तिथे ‘कर्जाचा ब्रेक’ अशा अर्थाचा शब्द आहे. तिथल्या केंद्र सरकारची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी) सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.३५ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणून हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. आपल्या संविधानात अशी सक्ती नाही. अनुच्छेद २९२ कर्जाची मर्यादा कायद्याने ठरवण्याचे काम संसदेवर सोपवतो.

पुरवणी (दुसऱ्या वाचकाकडून) : वरील उत्तरात एक गोष्ट राहिली. अमेरिकी मसुद्यात जमेतून कर्ज वगळले होते, तशीच खर्चातून मुद्दलाची परतफेडही वगळली होती. म्हणजे जुने कर्ज फेडण्यासाठी नवे काढण्यास आडकाठी नव्हती. व्याज मात्र खर्चातच मोजले जाणार होते. मार्चअखेर सोसायटीचे पीककर्ज चार दिवसांच्या हातउसन्या पैशांनी भरायचे आणि पुन्हा उचलायचे, याला आपल्याकडे ‘नवं-जुनं करणे’ म्हणतात. टिपणात हाच शब्द घालावा, विद्यार्थ्यांना तो घरूनच ठाऊक असतो.